रिमोट टॉमकॅटला जेकॉन्सोल जोडत नाही. आणि जोडल्यावर नेमकं काय बघायचं?

कोरी_पाटी (प्रश्न)

सर्व्हर डेबियन लिनक्स, ४ कोअर, ८ जीबी रॅम. ओपनजेडीके १७, टॉमकॅट ९ (जावाचा वेब सर्व्हर), त्यावर स्प्रिंग बूट २.७ ची वॉर फाइल, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. -एक्सएमएक्स४जी एवढंच दिलंय, जीसी (नको असलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) जावा आपोआप निवडतं तोच. डेटाबेसची कनेक्शनं तयार ठेवणारा कनेक्शन पूल हिकारी, त्याची सेटिंग्ज मुळातली.

लक्षण असं: सकाळी अकरा ते एकच्या गर्दीत पानं मंदावतात, आणि काही विनंत्या तिसाव्या सेकंदाला ५०० देऊन पडतात. टॉपमध्ये सीपीयू फारसा चढलेला दिसत नाही. टॉमकॅट रीस्टार्ट केलं की थोडा वेळ सुरळीत, मग पुन्हा तेच.

जेकॉन्सोल (चालू जावाचे आकडे आणि आलेख दाखवणारं साधन) लावून बघावं म्हणून सेटएन्व्ह.एसएचमध्ये जेएमएक्सचा, म्हणजे ते आकडे बाहेर देणाऱ्या सोयीचा, पोर्ट ९०१० दिला, ऑथेंटिकेट आणि एसएसएल दोन्ही फॉल्स ठेवले. फायरवॉलमध्ये ९०१० उघडला. सर्व्हरवर तो पोर्ट ऐकतोय असं 'एसएस -एलटीएनपी'मध्ये दिसतं, लॅपटॉपवरून टेलनेटही लागतं. पण जेकॉन्सोल बराच वेळ घेऊन 'कनेक्शन फेल्ड' म्हणतो.

१. पोर्ट उघडा असून जोडणी का होत नाही?
२. चालू प्रॉडक्शनवर जेकॉन्सोल लावला तर किती भार पडतो?
३. जोडल्यावर त्रास मेमरीचा, सीपीयूचा की डेटाबेसचा हे कुठल्या टॅबवरून ओळखायचं? मेमरीचा आलेख सतत वर जातो आणि धाडकन खाली येतो असं ऐकलंय. ती गळती समजायची का?

सह्यकडा

पुढचं वाचण्याआधी फायरवॉलमधला ९०१० बंद करा. पासवर्डशिवाय उघडा असलेला जेएमएक्स पोर्ट म्हणजे बाहेरच्या कोणालाही तुमच्या जेव्हीएममध्ये (जावाचा कोड चालवणाऱ्या प्रक्रियेत) हवा तो कोड चालवायची मुभा. जावा १७ मध्ये एमलेट नावाची सोय अजून आहे. तिच्यातून लांबच्या पत्त्यावरचे क्लास लोड करून एमबीन (जेएमएक्समधून बघता-हाताळता येणारे ऑब्जेक्ट) म्हणून उभे करता येतात. इंटरनेटवर असे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर चोवीस तास चालू असतात.

आता जोडणी का होत नाही ते. जेएमएक्सची रिमोट जोडणी आरएमआयवरून (एका जावातून दुसऱ्या जावाला कॉल करायच्या पद्धतीने) जाते आणि ती दोन टप्प्यांची असते. ९०१० वर फक्त रजिस्ट्री बसलेली असते. जेकॉन्सोल तिला विचारतो, ती एक स्टब परत देते, आणि त्या स्टबमध्ये 'खरा सर्व्हर अमुक होस्टवर, अमुक पोर्टवर आहे' असं लिहिलेलं असतं. मग जेकॉन्सोल त्या दुसऱ्या पत्त्यावर जातो. तुमच्याकडे हा दुसरा टप्पा दोन कारणांनी अडू शकतो.

एक, दुसरा पोर्ट ठरवून दिला नाही तर जेव्हीएम मिळेल तो रिकामा पोर्ट उचलते, आणि दर रीस्टार्टला तो बदलतो. फायरवॉलला तो माहीत नसतो. टेलनेट लागतं आणि जेकॉन्सोल लागत नाही, ते यामुळेच.

दोन, स्टबमधलं होस्टनेम. डेबियनच्या /ईटीसी/होस्ट्समध्ये यंत्राचं नाव बहुधा १२७.०.१.१ ला बांधलेलं असतं. म्हणजे स्टबमध्ये तोच पत्ता जातो आणि जेकॉन्सोल लॅपटॉपवरच सर्व्हर शोधत बसतो.

उपाय म्हणून सेटएन्व्ह.एसएचमधल्या कॅटलिना_ऑप्ट्समध्ये या ओळी द्या. प्रत्येकीच्या आधी वजाचं चिन्ह आणि मोठा डी:

कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट.पोर्ट=९०१०
कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट.आरएमआय.पोर्ट=९०१०
कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट.होस्ट=१२७.०.०.१
जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम=१२७.०.०.१
कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट.एसएसएल=फॉल्स
कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट.ऑथेंटिकेट=फॉल्स

रजिस्ट्री आणि आरएमआय दोन्हींना एकच पोर्ट चालतो. तिसऱ्या ओळीमुळे पोर्ट फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच यंत्राच्या आतून, ऐकतो. ती सोय जावा ९ पासून आहे, जावा ८ मध्ये ८यू१०२ पासून. चौथीमुळे स्टबमध्ये १२७.०.०.१ जातं. तिसरी आणि चौथी ओळ एकसारखी वाटते, पण एक ऐकायचा पत्ता ठरवते आणि दुसरी समोरच्याला सांगायचा. दोन्ही लागतात.

मग लॅपटॉपवर बोगदा:

एसएसएच -एन -एल ९०१०:१२७.०.०.१:९०१० वापरकर्ता@सर्व्हर

आणि जेकॉन्सोलमध्ये 'रिमोट प्रोसेस'खाली लोकलहोस्ट:९०१०. तो आधी एसएसएलने प्रयत्न करून 'सिक्युअर कनेक्शन फेल्ड' म्हणेल, तिथे 'इनसिक्युअर' दाबा. वाहतूक एसएसएचमधून जातेय, तेव्हा वाटेत उघडं काही नाही.

इथे हमखास घसरतात ती जागा: लॅपटॉपवर ९०१० आधीच कोणी धरला असेल तर बोगद्याचा फक्त डावा आकडा ९०११ करून भागत नाही. स्टबमध्ये ९०१० च लिहिलेलं असतं. सर्व्हरच्या दोन्ही ओळी आणि बोगद्याचे दोन्ही आकडे एकच ठेवा.

रीस्टार्ट करायचं नसेल तर जेसीएमडीने (चालू जेव्हीएमला आज्ञा देणारं साधन) जेएमएक्सचा एजंट चालू प्रक्रियेत सुरू करता येतो (मॅनेजमेंटएजंट.स्टार्ट, पुढे पोर्टचे पर्याय). पण त्या वाटेने जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम बदलता येत नाही, त्यामुळे डेबियनवर होस्टनेमची अडचण तशीच राहते. तुमच्या बाबतीत रीस्टार्टच सरळ.

टोकदार

वरच्यात भर. या ओळी जावा_ऑप्ट्समध्ये टाकू नका, कॅटलिना_ऑप्ट्समध्येच टाका. जावा_ऑप्ट्स टॉमकॅट थांबवायच्या आज्ञेलाही लागू होतं. शटडाउन.एसएच स्वतःची छोटी जेव्हीएम उभी करते, तीही ९०१० धरायला जाते, 'पोर्ट ऑलरेडी इन यूज' म्हणून मरते, आणि टॉमकॅट थांबतच नाही.

सर्व्हरवर बाकीच्यांचीही खाती असतील तर लूपबॅक पुरेसा नाही, कारण कोणीही आत लॉगिन करून १२७.०.०.१:९०१० ला जोडू शकतो. तिथे ऑथेंटिकेट ट्रू ठेवा. जावाच्या कॉन्फ/मॅनेजमेंट फोल्डरात जेएमएक्सरिमोट.पासवर्डचा नमुना असतो, त्याची प्रत करा आणि मालकी टॉमकॅट ज्या वापरकर्त्याने चालतं त्याला द्या. परवानगी ६००. त्याहून सैल असेल तर जेव्हीएम सुरूच होत नाही, 'पासवर्ड फाइल रीड ॲक्सेस मस्ट बी रिस्ट्रिक्टेड' एवढी एक ओळ टाकून बंद पडते. जावा १० पासून त्या फाइलमधला साधा पासवर्ड जेव्हीएम स्वतःच हॅश करून परत लिहिते. थोड्या वेळाने फाइल उघडून कोणीतरी छेडछाड केली असं समजू नका.

ॲक्सेस फाइलमध्ये मॉनिटररोल रीडओन्ली असतो. तो फक्त ॲट्रिब्यूट वाचू शकतो. थ्रेडचा स्टॅक (तो सध्या कोडमध्ये कुठे आहे त्याची साखळी) मागवणं हे जेएमएक्सच्या लेखी ऑपरेशन आहे, त्यामुळे थ्रेड्स टॅब नीट बघायचा तर कंट्रोलरोल, म्हणजे रीडराइट लागतो.

अर्धा_कप

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

भार: जेकॉन्सोल दर ४ सेकंदांनी आकडे मागतो. सुरू करताना '-इंटरव्हल=१०' दिलंत तर १० सेकंदांनी मागेल. तुमच्या यंत्रावर हा भार जाणवणार नाही. मात्र प्रत्येक मागणीबरोबर समोरच्या जेव्हीएममध्ये आरएमआयचा थोडा कचरा तयार होतो, म्हणून एकही वापरकर्ता नसताना मेमरीचा आलेख हळूहळू चढताना दिसतो. तो चढ पाहून घाबरू नका, त्यात जेकॉन्सोलचाही हात असतो.

'परफॉर्म जीसी' हे बटण मात्र गर्दीच्या वेळी दाबू नका. ते सिस्टिम.जीसी बोलावतं. जी१ मध्ये (तुमच्या यंत्रावर जावा निवडतं तो जीसी) त्याचा अर्थ पूर्ण जीसी, आणि तेवढा वेळ सगळे थ्रेड थांबलेले. ४ जीबी हीपवर (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीवर) वापरकर्त्यांना जाणवण्याइतका तो वेळ असू शकतो.

मेमरी: वर जाऊन धाडकन खाली येणारा करवती आलेख म्हणजे निरोगी जेव्हीएम. नवे ऑब्जेक्ट हीपच्या ईडन या कप्प्यात साचतात, ईडन भरलं की यंग जीसी ते रिकामं करतं. बघायचं ते दात कुठवर चढतात हे नाही, तर खाली आल्यावर कुठे टेकतात ते. मेमरी टॅबच्या चार्ट यादीतून 'जी१ ओल्ड जेन' निवडा, वेळेची खिडकी एक-दोन तासांवर न्या. प्रत्येक उतारानंतरचा तळ गर्दी ओसरल्यावरही आधीपेक्षा वर राहत असेल, आणि हे दिवसभर चालू असेल, तर गळतीचा संशय घ्या. तळ एका पट्ट्यात राहत असेल तर मेमरी सोडा.

खालच्या तपशिलात 'जीसी टाइम' असतो. तिथल्या 'जी१ ओल्ड जनरेशन'समोरचा आकडा जावा १७ मध्ये पूर्ण जीसी किती झाले तेवढंच मोजतो. पार्श्वभूमीत चालणारं काँकरंट काम त्यात धरत नाही. तो शून्य असेल तर उत्तम. शून्य नसेल आणि बटण कोणी दाबलेलं नसेल, तर हीप अपुरं पडतंय किंवा एखादी लायब्ररी सिस्टिम.जीसी बोलावतेय.

तुमचं जावा जी१ च वापरतंय का, हे 'व्हीएम समरी' टॅबवर खात्री करून घ्या. ४ कोअर आणि ८ जीबीवर जी१ च येणार. पण एकच कोअर दिलेल्या कंटेनरमध्ये जावा गुपचूप सीरियल निवडतं, मग वरची नावं वेगळी दिसतात.

सीपीयू: ओव्हरव्ह्यूमधला सीपीयूचा आकडा सगळ्या कोअरना भागून आलेला असतो. टॉपमध्ये जावा १०० टक्के म्हणजे एक कोअर, तेच जेकॉन्सोलमध्ये ४ कोअरवर २५ टक्के. दोन खिडक्या शेजारी ठेवून आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं खाजवू नका. आणि यंत्र कितीही पेटलं तरी जेकॉन्सोल ९९ च्या वर दाखवत नाही. वाचनाच्या वेळा मागेपुढे होऊन शंभरीपार जाऊ नये म्हणून कोडमध्येच तसं बांधलंय.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुमच्या प्रश्नातला '३० सेकंद' हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. हिकारीचा कनेक्शनटाइमआउट मुळात ३०,००० मिलिसेकंदच असतो. लॉगमध्ये 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३००००एमएस' अशा ओळी आहेत का बघा. असतील तर मेमरी आणि सीपीयूच्या टॅबवर वेळ घालवू नका.

थेट एमबीन्स टॅबवर जा. हिकारीचे एमबीन मुळात नोंदवलेले नसतात, त्यासाठी स्प्रिंग.डेटासोर्स.हिकारी.रजिस्टर-एमबीन्स=ट्रू द्यावं लागतं. मग कॉम.झॅक्सर.हिकारीखाली पूलचे चार आकडे दिसतील: ॲक्टिव्हकनेक्शन्स, आयडलकनेक्शन्स, टोटलकनेक्शन्स, थ्रेड्सअवेटिंगकनेक्शन. टॉमकॅटचे थ्रेड कॅटलिनाखाली थ्रेडपूलमध्ये 'एचटीटीपी-एनआयओ-८०८०' या नावाने. त्यात करंटथ्रेड्सबिझी आणि मॅक्सथ्रेड्स बघा.

एक गैरसोय: एमबीन्स टॅबमधले आकडे आपोआप बदलत नाहीत, 'रिफ्रेश' दाबावं लागतं. पण आकड्यावर डबलक्लिक केलं की त्याचा आलेख उघडतो आणि तो मात्र चालू राहतो.

कोरी_पाटी

पोर्ट बंद केला, बोगद्यातून जोडणी झाली. लॉगमध्ये ३००००एमएसच्या ओळी भरपूर आहेत. आज गर्दीच्या वेळचे आकडे:

हीप १.१ ते २.९ जीबी, तळ १.१ च्या आसपासच. जी१ ओल्ड जनरेशन शून्य. सीपीयू ९ ते १४ टक्के. एचटीटीपी-एनआयओचे थ्रेड २००, बिझी २००. हिकारी: ॲक्टिव्ह १०, आयडल ०, टोटल १०, वाट बघणारे १७० ते १९०.

थ्रेड्स टॅबमध्ये बरेचसे टाइम्ड_वेटिंग आहेत, स्टॅकमध्ये काँकरंटबॅग.बॉरो. थोडे रनेबल दिसतात, त्यांच्या टोकाला नेट.पोल आहे. रनेबल म्हणजे ते काम करतायत ना? मग सीपीयू एवढा कमी कसा? आणि पूल १० वरून १०० करू का?

अर्धा_कप

रनेबल या शब्दावर जाऊ नका. थ्रेड सॉकेटवर उत्तराची वाट बघत अडकलेला असला तरी जावा त्याला रनेबलच म्हणते, कारण तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉलमध्ये आहे आणि जेव्हीएमला आत काय चाललंय ते कळत नाही. जावा १२ पर्यंत अशा स्टॅकच्या टोकाला सॉकेटरीड० दिसायचं. १३ पासून सॉकेटची अंमलबजावणी नव्याने लिहिली, म्हणून आता नेट.पोल किंवा सॉकेटडिस्पॅचर.रीड० दिसतं. अर्थ एकच: पलीकडून उत्तर आलेलं नाही.

तुमच्या आकड्यांत सरळ साखळी आहे. १० कनेक्शन दहा थ्रेडनी धरलीत, बाकीचे बॉरोमध्ये रांगेत, रांग लांबत गेली की टॉमकॅटचे २०० थ्रेड संपले. सीपीयू रिकामा, कारण काम करायला कोणी मोकळं नाही.

पूल १०० करू नका. पोस्टग्रेसची मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असते आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. तुमचा एकच ॲप सगळी खाऊन टाकेल, आणि मूळ कारण जागच्या जागी राहील. साधा हिशेब करा: प्रत्येक विनंती कनेक्शन ०.४ सेकंद धरत असेल तर १० कनेक्शनमध्ये सेकंदाला २५ विनंत्या निघतात. तीच २ सेकंद धरू लागली तर ५. येणाऱ्या विनंत्या वाढल्या, का एक-एक विनंती कनेक्शन जास्त वेळ धरू लागली, ते आधी शोधायचं.

म्हणून बॉरोमधले १७०-१९० सोडा, ते नुसते बळी आहेत. नेट.पोलवाले दहा बघा. थ्रेड्स टॅबच्या खाली फिल्टरची चौकट आहे, तिथे एचटीटीपी-एनआयओ टाइप करा. तरी एका वेळी एकाच थ्रेडचा स्टॅक दिसतो, २०० थ्रेडना ते पुरत नाही. सर्व्हरवर टॉमकॅटच्याच वापरकर्त्याने

जेसीएमडी <पीआयडी> थ्रेड.प्रिंट > डंप१.टीएक्सटी

असा सगळ्या थ्रेडच्या स्टॅकचा डंप दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीनदा घ्या. तिन्ही डंपमध्ये एकच थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तो तिथे खरंच अडकलाय. एका डंपवरून निष्कर्ष काढू नका.

मग नेट.पोलच्या खालच्या ओळी वाचा. ओआरजी.पोस्टग्रेएसक्यूएलचे क्लास असतील तर क्वेरी हळू आहे किंवा डेटाबेसमध्ये लॉक आहे. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये त्याच वेळी 'ॲक्टिव्ह' दिसेल. ड्रायव्हरऐवजी एखाद्या एचटीटीपी क्लायंटचे क्लास असतील, म्हणजे पेमेंट, एसएमएस वगैरे बाहेरची सेवा, आणि त्याच स्टॅकमध्ये खाली ट्रान्झॅक्शनइंटरसेप्टर (ट्रान्झॅक्शन उघडणारा स्प्रिंगचा क्लास) असेल, तर ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून तुम्ही बाहेरच्या सेवेची वाट बघताय. डेटाबेसकडे तेच कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसेल. तुमच्या लक्षणांवरून माझा कल याच बाजूला आहे, पण डंप बघितल्याशिवाय पैज लावू नये.

सह्यकडा

डंप चाळण्याआधी एक सोपी चाल. हिकारीच्या पूलकॉन्फिग एमबीनमध्ये लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड आहे. चालू ॲपमध्येच त्याला ५००० द्या, जेकॉन्सोलमध्ये आकड्यावर डबलक्लिक करून किंमत बदलता येते. तिथून पुढे कोणी कनेक्शन ५ सेकंदांपेक्षा जास्त धरलं की 'ॲपरंट कनेक्शन लीक डिटेक्टेड' अशी ओळ आणि ज्याने कनेक्शन घेतलं त्याचा स्टॅक लॉगमध्ये येतो. नाव लीक असलं तरी उशिरा परत करणारेही त्यात सापडतात. २००० च्या खालची किंमत हिकारी घेत नाही.

मॅक्सिममपूलसाइज आणि कनेक्शनटाइमआउटही तिथूनच बदलतात. कारण सापडेपर्यंत पूल २० आणि टाइमआउट ५००० केलात तर निदान वापरकर्ता अर्धा मिनिट लटकत नाही, आणि टॉमकॅटचे थ्रेडही लवकर सुटतात. रीस्टार्टनंतर हे बदल जातात, म्हणून जे ठेवायचं ते प्रॉपर्टीज फाइलमध्येही लिहा.

स्प्रिंगचा आणखी एक हमखास आरोपी: जेपीए वापरत असाल तर स्प्रिंग.जेपीए.ओपन-इन-व्ह्यू मुळात ट्रू असतं. विनंतीत पहिली क्वेरी झाली की उत्तर पूर्ण जाईपर्यंत कनेक्शन धरून ठेवलं जाऊ शकतं, तुमची ट्रान्झॅक्शन केव्हाच संपलेली असली तरी. फॉल्स केल्यावर कुठेकुठे लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन उगवतील. ती आधी टेस्टवर झाडून घ्या, थेट प्रॉडक्शनवर नको.

बाहेरच्या सेवेचा कॉल निघालाच तर तो ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा: आधी डेटाबेसमध्ये नोंद करून कमिट, मग कॉल, मग निकालाची दुसरी छोटी ट्रान्झॅक्शन. आणि त्या एचटीटीपी क्लायंटला कनेक्ट आणि रीड असे दोन्ही टाइमआउट द्या. कितीतरी क्लायंटमध्ये मुळात रीड टाइमआउट नसतोच, समोरचा गप्प बसला की थ्रेड तासन्‌तास तिथेच.

रेकॉर्डिंगवाला

निदान पटलं, पण 'गर्दीच्या वेळी जेकॉन्सोल उघडून बसा' ही पद्धत मला पटत नाही. जेकॉन्सोलला इतिहास नाही. जोडल्या क्षणापासूनचाच आलेख दिसतो, खिडकी बंद केली की गेला. आलेखावर राइट क्लिक करून 'सेव्ह डेटा ॲज' ने सीएसव्ही काढता येते, पण ते लक्षात ठेवून कोण करतो! शिवाय ४ सेकंदांत एकदा बघणारा ३०० मिलिसेकंदांचा झटका कसा पकडणार?

जावा १७ मध्ये फ्लाइट रेकॉर्डर (जेएफआर, जेव्हीएममधल्या घडामोडी फाइलमध्ये नोंदणारं साधन) आत बसलेलाच आहे, ११ पासून खुला आहे. सर्व्हरवर:

जेसीएमडी <पीआयडी> जेएफआर.स्टार्ट नेम=दुपार सेटिंग्ज=प्रोफाइल ड्युरेशन=१०एम फाइलनेम=/व्हार/टीएमपी/दुपार.जेएफआर

फाइल लॅपटॉपवर आणून मिशन कंट्रोलमध्ये उघडा, किंवा सर्व्हरवरच 'जेएफआर प्रिंट --इव्हेंट्स जेडीके.सॉकेटरीड' चालवा. प्रोफाइल सेटिंगमध्ये १० मिलिसेकंदांपेक्षा लांबलेलं प्रत्येक सॉकेट वाचन नोंदतं: समोरचा पत्ता, पोर्ट, लागलेला वेळ आणि जावाचा स्टॅक. वेळ ५४३२ कडे जातोय की ४४३ कडे, हे एका नजरेत कळतं. वर तीन डंप घेऊन जे शोधायचं म्हणताय ते इथे आयतं मिळतं, आणि कुठलाही पोर्ट उघडावा लागत नाही.

अर्धा_कप

@रेकॉर्डिंगवाला मान्य, मागाहून तपासायला जेएफआरच. पण पूलचे आकडे जेएफआर आपणहून देत नाही, आणि किंमत बदलून तिथल्या तिथे परिणाम बघायला एमबीनच लागतं. दोन्ही ठेवा.

ज्यांच्याकडे जावा २१ आहे आणि व्हर्च्युअल थ्रेड वापरतात त्यांच्यासाठी: जेकॉन्सोलच्या थ्रेड्स टॅबमध्ये व्हर्च्युअल थ्रेड दिसत नाहीत, साध्या थ्रेड.प्रिंटमध्येही नाहीत. तिथे जेसीएमडीचं थ्रेड.डंप_टू_फाइल, -फॉरमॅट=जेसन देऊन.

नदीकाठ

याच विषयात विचारतो. सर्व्हरवरच जेसीएमडी -एल चालवलं तर टॉमकॅटची प्रक्रिया यादीत येत नाही, पीएसमध्ये मात्र दिसते. जेकॉन्सोलच्या लोकल यादीतही नाही. जावा १७ च आहे.

टोकदार

@नदीकाठ या क्रमाने तपासा.

वापरकर्ता. दुसऱ्याच्या नावाने चालणारी जेव्हीएम साध्या वापरकर्त्याला दिसत नाही. 'सुडो -यू टॉमकॅट जेसीएमडी -एल' करून बघा.

सिस्टिमडी. युनिट फाइलमध्ये प्रायव्हेटटीएमपी=ट्रू असेल तर त्या सेवेचा /टीएमपी वेगळा असतो. जेव्हीएमची यादी /टीएमपीमधल्या एचएसपर्फडेटा_<वापरकर्ता> या फोल्डरावरून बनते, ते तुम्हाला दिसतच नाही. रूटने 'एनएसएंटर -टी <पीआयडी> -एम' करून आत शिरा आणि तिथून टॉमकॅटच्या वापरकर्त्याने जेसीएमडी चालवा.

/टीएमपीची साफसफाई. बरेच दिवस चालू असलेल्या जेव्हीएमची एचएसपर्फडेटा फाइल एखाद्या क्रॉन स्क्रिप्टने पुसली तर प्रक्रिया यादीतून गायब होते, चालू मात्र असते. .जावा_पीआयडी ही सॉकेट फाइलही पुसली गेली असेल तर जुन्या जावात पीआयडी देऊनही जोडता येत नाही, जावा १७ मात्र जोडताना ती पुन्हा तयार करते. यादीत परत यायला रीस्टार्टच लागतो, आणि साफसफाईतून या दोन नावांना वगळून ठेवा. तेवढ्यात थ्रेड डंप हवाच असेल तर 'किल -३ <पीआयडी>'. नाव भयंकर असलं तरी याने प्रक्रिया मरत नाही, डंप कॅटलिना.आउटमध्ये येतो.

शेवटी सुरुवातीचे पर्याय बघा: यूजपर्फडेटा बंद केलेलं असेल तर यादी रिकामी दिसते पण पीआयडी देऊन जोडता येतं, डिसेबलअटॅचमेकॅनिझम दिलेलं असेल तर तेही नाही.

आणि सर्व्हरवर जेकॉन्सोल ही आज्ञाच सापडत नसेल तर डेबियनचं हेडलेस पॅकेज बसवलेलं असणार, त्यात जेकॉन्सोल नसतो. ओपनजेडीके-१७-जेडीके हे पूर्ण पॅकेज तुमच्या लॅपटॉपवर बसवा, सर्व्हरवर गरज नाही.